चाल : स्वतंत्र

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या गीतांच्या पुस्तकात प्रत्येक गीताच्या माथ्यावर बारीक अक्षरांत त्याची चाल दिलेली असते. स्वरलिपी नाही, खुणा नाहीत, नुसतं नाव. कुठे ‘ओवी’, कुठे ‘साकी’, कुठे ‘अभंग’, कुठे सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या जुन्या गीताचे पहिले दोन शब्द. तेवढ्यावर भागतं. खेड्यातला पाळक ते नाव वाचतो, झांज वाजते आणि ज्यांना अक्षर लागत नाही अशी माणसंसुद्धा दुसऱ्या कडव्यापासून साथ द्यायला लागतात.

मनोहर भालेरावांच्या एकुलत्या एक छापलेल्या गीताच्या माथ्यावर मात्र ‘चाल : स्वतंत्र’ असं होतं.

ती चाल त्यांच्या बायकोची, शकुनबाईंची. मनोहरराव केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच बदली होऊन ते नगरहून कलकत्त्याला आले आणि पुन्हा बदली मागायचं दर वर्षी ठरवत तिथेच राहिले. बेहालात ट्राम डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते खिडकीत बसून ओळी जुळवत आणि शकुनबाई पेटीवर त्यांना सूर लावून बघत. बहुतेक ओळी तिथेच विरून जायच्या. हे एक गीत टिकलं :

दिवा मालवला जरी
तुझी वात माझ्या घरी

वाट चुकली पायांना
तुझी हाक ये कानांना

दूर राहिले ते गाव
तुझ्या ओठी माझे नाव

गीत नगरला पाठवायची वेळ आली तेव्हा शकुनबाई म्हणाल्या होत्या, “नुसतं ‘अभंग’ लिहा. लोकांना सोपं जाईल.”

“अभंगाची काय, कुणीही लावील,” मनोहरराव म्हणाले. “तुझी चाल आहे तर आहे. ज्याला गायचं असेल तो विचारेल.”

कुणी विचारलं नाही. राहुरीच्या नाही तर शेवगावच्या पाळकाने बेहालातल्या कारकुनाच्या बायकोला चाल विचारायची तरी कशी? ‘स्वतंत्र’ दिसलं की लोक पान उलटत. मनोहरराव सहासष्ट साली गेले, तोवर त्यांचं गीत कुठल्या मंडळीत गायलं गेल्याचं दोघांच्या कानावर आलं नव्हतं. घरात मात्र ते दर रविवारी संध्याकाळी होई. पेटीवर शकुनबाई आणि खालच्या सुरात, थोडे मागे राहून, मनोहरराव.

ते गेल्यावर रविवारची संध्याकाळ शकुनबाईंनी मोडली नाही. सकाळी त्या जवळच्या बंगाली चर्चमध्ये पेटी वाजवत. वीस-बावीस वर्षं वाजवत होत्या. बंगाली प्रार्थना, बंगाली गीतं, बंगाली सांत्वनं सगळं त्यांना येत होतं. तिथल्या मंडळीने त्यांना कधी परकं मानलं नाही. आजारपणात बायका पाळी लावून जेवण आणत. पण संध्याकाळी दार लोटून, पेटी जमिनीवर घेऊन, मराठी पवित्र शास्त्रातला एक भाग स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मराठीत प्रार्थना करायची, हे त्यांचं एकटीचं होतं. प्रार्थना संपली की ‘आमेन’ म्हणायच्या आधी त्या जरा थांबत. दुसऱ्या कुणी म्हणावं म्हणून नव्हे. सवय.

मुलगी लीना दुर्गापूरला दिली होती, बंगाली घरात. नातवंडं सुट्टीत येत तेव्हा आजीला बंगालीत हाक मारत, बंगालीत हट्ट करत. ‘दिवा मालवला’ ऐकून, मराठी न कळणाऱ्या धाकटीने विचारलं होतं, “दिदा, हे काय? भांडण?” शकुनबाई हसल्या होत्या. पुढे त्यांनी ते मुलांसमोर म्हटलं नाही.

अशात बहात्तरच्या हिवाळ्यात नगरहून कार्ड आलं. गीतांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. तिच्या समितीवरचे रेव्हरंड श्यामसुंदर कसबे कसल्याशा परिषदेसाठी कलकत्त्याला येणार होते आणि मनोहररावांच्या गीताबद्दल बोलायला बेहालाला येऊन जाणार होते.

कसबे पाळक म्हणजे चालींचा चालताबोलता साठा, असं शकुनबाईंनी माहेरच्या माणसांकडून ऐकलं होतं. एकदा ऐकलेली चाल ते विसरत नसत. उन्हाळ्यातल्या शिबिरात शिकवत आणि पावसाळ्यापर्यंत ती जिल्हाभर पसरे. त्यांच्या गळ्यात चाल उतरली की झालं, कागदाची गरज नाही. शकुनबाईंचा स्वतःचा गळा अलीकडे वरच्या सुराला फुटत होता. हिवाळ्यात तर दोन-दोन दिवस आवाज बसे. चाल त्यांच्याशिवाय जगात कुणाजवळ नव्हती. कुणाला द्यायची तर ती हीच वेळ होती.

त्या खालच्या मजल्यावर गेल्या.

खाली कालिंदी राहायची. नवरा बँकेत अधिकारी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलीवर आलेला. मराठी बोलायला मिळावं म्हणून ती दुपारी वर येऊन बसायची. गणपतीत मोदक आणून द्यायची आणि नाताळात शकुनबाईंच्या करंज्या पदराखाली झाकून नवऱ्यासाठी घेऊन जायची.

“गीत शिकायचंय तुला,” शकुनबाई म्हणाल्या.

“मला? काकू, मी गायला लागले की आमच्याकडे कुकरची शिट्टी लाजते.”

“चालेल.”

“आणि तुमच्या देवाचं गाणं. माझ्या आवाजात कुठल्या देवाचं आहे ते त्याला तरी कळेल का?”

“त्याला सवय आहे.” शकुनबाईंनी पेटीचा भाता सोडला. “एकटीने म्हटलं तर ते गाणं होतं. मंडळीचं गीत वाटायला निदान दोघं लागतात. पाहुण्यांना ते दोघींनी ऐकवू. बस.”

कालिंदी बसली. आठवडाभर दुपारी धुणी वाळत घातल्यावर ती वर यायची आणि दोघींचा अभ्यास चालायचा. कालिंदीचा सूर खरोखरच डगमगता होता, पण कान लक्ष देणारा होता. पहिली ओळ सरळ जायची. दुसरीत ‘तुझी वात’पाशी सूर खाली यायच्या ऐवजी वर चढायचा, तिथे वळसा घ्यायचा आणि ‘घरी’वर हळूच येऊन टेकायचा. तो वळसा कालिंदीला जमेना. “तिथे मी बसमधून पडल्यासारखी होते,” ती म्हणायची. शेवटी तिला तो जमला. जमला त्या दिवशी ती काहीतरी बोलणार होती, पण शकुनबाईंचा चेहरा बघून नुसतीच म्हणाली, “छान आहे हो, काकू.”

कसबे पाळक शनिवारी दुपारी आले. बुटके, टक्कल पडलेले, हातात कापडी पिशवी. दारातच त्यांनी हात कपाळाकडे नेला.

“सलाम, वहिनी.”

“सलाम, पाळकसाहेब.” शकुनबाईंनीही हात कपाळाकडे नेला. इथे सगळे नमस्कारच करत. नगरकडच्या मंडळीतला हा शब्द तोंडातून निघाल्याला पुष्कळ दिवस झाले होते.

बडाबाजारातल्या मारवाड्याकडून त्यांनी बाजरीचं पीठ आणवलं होतं. भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. कसबे मांडी घालून बसले आणि तिसऱ्या भाकरीपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“चार दिवस हे लोक मला नुसती ती संदेश मिठाई चारतायत,” ते म्हणाले. “चहाबरोबर संदेश, प्रार्थनेनंतर संदेश. माझ्या पोटात आता साखर कारखाना निघणार. नगर जिल्ह्यात आधीच काय कमी आहेत?”

कालिंदी हसली. शकुनबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पेटीकडे होतं.

हात धुऊन आल्यावर कसबे म्हणाले, “आता कामाचं बोलतो. समितीने ठरवलंय, जी गीतं कुणी गात नाही ती नव्या पुस्तकात घ्यायची नाहीत. पुस्तक जाड होतं, बायाबापड्यांना हातात धरवत नाही. मनोहररावांचं गीत मला सोडवत नाही. ‘तुझ्या ओठी माझे नाव’ लिहिणारा माणूस साधा नव्हे. पण माथ्यावर ‘स्वतंत्र’. म्हटलं, जाऊन ऐकावंच ही चाल काय आहे ती.”

“ऐका,” शकुनबाई म्हणाल्या.

दोघी गायल्या. तिन्ही कडवी. वरच्या सुराला शकुनबाईंचा गळा अडला तिथे कालिंदीने डगमगत का होईना तो सूर धरून ठेवला. खालून ट्रामची घंटा गेली. पेटी थांबली तरी कसबे डोळे मिटून बसले होते. शकुनबाईंना वाटलं, साठवून घेतायत.

“वहिनी,” ते म्हणाले, “फार गोड चाल आहे.”

“शिकवाल?”

“गोड आहे. पण ही इथली आहे.”

शकुनबाईंना कळलं नाही. “इथली म्हणजे?”

“बंगाली. हे लोक कीर्तन करत रस्त्याने जातात ना, मृदंग घेऊन? परवा परिषदेच्या बाहेर चालले होते, त्यांचं वळण आहे हे. आमच्या नगरकडच्या वडाळ्याच्या मंडळीत ही सुरू केली तर पहिल्या ओळीला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.”

“अहो, काहीतरीच.” शकुनबाई खरोखरच हसल्या. “माझ्या वडिलांची आहे ती. मिशनच्या शाळेत मास्तर होते, ख्रिस्ती कीर्तनं करायचे. उधळ्या पुत्राच्या आख्यानात बाप वाट बघत उभा राहतो, तिथे आळवणी होती. ‘ये रे बाळा, ये रे घरी.’ मुळात तीच मी धरली. इथे यायच्या आधीपासून माझ्या कानात आहे ती. बंगाली कशी होईल?”

“ती आळवणी मीही लहानपणी ऐकलीय,” कसबे म्हणाले. “आमच्याकडच्या सगळ्या कीर्तनांत होती. म्हणा बरं.”

शकुनबाईंनी म्हटली. पेटी न घेता, वडील म्हणत तशी, उजवा हात किंचित पुढे करून.

मग कसब्यांनी स्वतः म्हटली. सरळ, ठसठशीत. सूर पायरी पायरीने उतरत आला आणि ‘घरी’वर दगड ठेवावा तसा बसला. कुठे वळसा नाही, कुठे थबकणं नाही.

शकुनबाईंनी ती ताबडतोब ओळखली. अंगणातला कंदील, वडिलांचा कोट, झांजेचा थंडगार काठ, सगळं त्या एका ओळीत होतं. तीच होती. आणि आत्ता क्षणापूर्वी त्यांच्या स्वतःच्या तोंडून जे निघालं होतं, ते ती नव्हती.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

कसब्यांनी पुन्हा म्हटली. शकुनबाईंनी मागोमाग म्हणून पाहिली. ‘ये रे बाळा’ बरोबर आलं. ‘ये रे घरी’ला सूर आपोआप वर चढला आणि वळला. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“वीस-बावीस वर्षं त्यांच्यात पेटी वाजवताय,” कसबे हळू म्हणाले. “कुणाचंही झालं असतं.”

मग त्यांनी तोडगा सांगितला. तो त्यांनी येतानाच आणला होता. ओळी आठ-आठ अक्षरांच्या होत्या, सरळ लहान अभंग. माथ्यावर ‘अभंग’ लिहिलं की गीत राहील आणि पहिल्याच रविवारी गावोगाव म्हटलं जाईल. “मनोहररावांनी हट्टाने ‘स्वतंत्र’ लिहिलं होतं, म्हणून तुमच्याकडे आलो. नाही तर तिथेच पेन्सिलीने खोडून मोकळा झालो असतो. माझी गाडी परवा संध्याकाळी आहे, हावड्याहून. विचार करा. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण मग गीत राहणार नाही.”

ते गेल्यावर कालिंदी ताटं उचलत होती.

“कालिंदी, खरं सांग. तुला वाटलं होतं?”

कालिंदीने ताट खाली ठेवलं. “मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, काकू. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

रविवारी सकाळी उपासना संपली, लोक पांगले, तरी शकुनबाई पेटीवरून उठल्या नाहीत. तिथले पाळक बिस्वासबाबू मेणबत्त्या विझवत होते. त्यांना बोलावून शकुनबाईंनी चाल वाजवून दाखवली. शब्दांशिवाय.

“हे बंगाली आहे का?” त्यांनी विचारलं.

“बंगाली?” बिस्वासबाबूंना मौज वाटली. “नाही, माशिमा. हे तुमच्याकडचं. आमच्या कानाला लगेच कळतं, तो शेवटाला जरा ताठा आहे ना, तो. पण सुंदर आहे. पुन्हा वाजवा.”

त्यांनी पुन्हा वाजवली. बिस्वासबाबू पाठीमागे हात बांधून ऐकत राहिले. “शब्द घालू का हिला? इस्टरपर्यंत आमची मंडळी म्हणायला लागेल. तुमचं नाव सांगून म्हणू.”

शकुनबाईंच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. रविवारची सकाळ, तीस-चाळीस गळे, त्यांची चाल. मनात आणलं तर अवघड काहीच नव्हतं. मग तिथे मनोहररावांच्या ओळींच्या जागी कुणा दुसऱ्याच्या ओळी असतील, चांगल्याच असतील आणि दर रविवारी पेटीवर बसून त्यांनाच त्या वाजवाव्या लागतील.

“राहू द्या, बाबू,” त्या म्हणाल्या. “ती एका गीताची आहे.”

“मग ते गीत ऐकवा.”

“ते मराठीत आहे.”

बिस्वासबाबूंनी मान हलवली, आणि उरलेल्या मेणबत्त्यांकडे वळले.

सोमवारी संध्याकाळी हावडा स्टेशनवर नेहमीची गर्दी होती. कसबे पाळक डब्याच्या दारात सापडले. वळकटी खाली फलाटावर, आणि वळकटीवर कुणीतरी प्रेमाने दिलेली संदेशाची पेटी. शकुनबाईंना बघून ते खाली उतरले.

“तुम्ही कशाला एवढ्या लांब? निरोप पाठवला असता.”

“निरोपाचं काम नव्हतं.” त्या दम खात उभ्या राहिल्या. “‘अभंग’ लिहा.”

कसब्यांनी लगेच हो म्हटलं नाही. “नीट विचार केलात? मला ओढून काही घ्यायचं नाही, वहिनी.”

“त्यांनी लिहिलं ते लोकांनी म्हणावं म्हणून. माझी चाल आडवी आली. इतकी वर्षं ते गीत माझ्यापायी कुणी म्हटलं नाही.”

“त्यांनीच लिहिलं होतं ना ‘स्वतंत्र’?”

“त्यांनीच. कचेरीत कुणापुढे तोंड उघडत नसत. हट्ट करायला मीच सापडले होते त्यांना.”

कसबे हसले. मग म्हणाले, “एकदा म्हणून पाहू या का? अक्षरं नीट बसतात की नाही ते इथेच कळेल.”

आणि त्या फलाटावर, हमाल आणि पिंजरे आणि रडणारी पोरं यांच्या मध्ये, ते वळकटीवर थाप देऊ लागले. शकुनबाईंनी सुरुवात केली. लहान अभंगाची ती चाल त्यांना जन्मापासून येत होती, सरळ, चालत्या पायांची. वर चढायचं नव्हतं, त्यामुळे गळा कुठे अडला नाही. दुसऱ्या ओळीला कसब्यांनी आवाज मिसळला. शब्द असे बसले, जणू त्यांची जागा तिथेच राखून ठेवलेली होती. ‘दूर राहिले ते गाव’ला बाजूच्या खिडकीतल्या एका म्हातारीने वळून पाहिलं. ती नागपूरकडची असावी. तिने शेवटच्या ओळीवर मान डोलावली, आणि दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा तिचेही ओठ हलले.

शकुनबाईंनी ते पाहिलं. एवढंच तर मनोहररावांना हवं होतं.

“बसलं,” कसबे म्हणाले. “सलाम, वहिनी. पुस्तक निघालं की पहिली प्रत तुम्हाला.”

“सलाम.”

गाडी गेली. बेहालाच्या ट्राममध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मैदानाजवळ अंधार पडायला लागला होता. शकुनबाईंनी सहज, ओठ न उघडता, गीत आपल्या चालीत सुरू केलं. ‘दिवा मालवला जरी’ आलं, आणि दुसऱ्या ओळीला सूर वर न चढता पायरी पायरीने खाली उतरला. त्या थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. शब्द फलाटावर ज्या वाटेला लागले होते, त्याच वाटेने जात होते. चाल आठवत होती, सगळी, वळशासकट. फक्त शब्द तिच्यावर चढेनात.

जिन्यात कालिंदी भेटली. “काय ठरलं, काकू?”

“पुस्तकात राहिलं.”

“आणि तुमची चाल?”

“आहे की.”

“उद्या येऊ का दुपारी?”

“ये. आता काही शिकायचं नाही. नुसती ये.”

वर येऊन त्यांनी दिवा लावला, चपला खाटेखाली सरकवल्या आणि पेटी जमिनीवर घेतली. रविवार नव्हता. भाता सोडून त्यांनी चाल सुरुवातीपासून वाजवली. जिथे वर जायचं तिथे बोटं वर गेली, जिथे वळायचं तिथे वळली. कडवं संपलं की मनोहररावांना श्वास घ्यायला लागे, तेवढी जागा सोडून त्यांनी पुढचं घेतलं. शब्द आले नाहीत. शकुनबाईंनी त्यांना बोलावलंही नाही. त्या शब्दांना आता गावोगाव, पुष्कळ लांब जायचं होतं.